पाषाणचे व्हेंचर सेंटर : प्रयोगशाळेतून उद्योगाकडे जाणाऱ्यांसाठी कितपत उपयोगी?

औषधे, निदान-साधने किंवा नवे पदार्थ तयार करू पाहणाऱ्या नवउद्योगाची पहिली अडचण भांडवलाची असते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती जागेची आणि यंत्रांची असते. सॉफ्टवेअरची कंपनी घरच्या टेबलावर उभी राहू शकते, पण पेशी वाढवायच्या असतील तर निर्जंतुक खोली, उणे ८० अंशांचा फ्रीझर, जैविक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आणि आवश्यक परवानग्या हे सारे पहिला रुपया हाती येण्याआधीच लागते. पुण्यात पाषाणच्या एनसीएल इनोव्हेशन पार्कमधील व्हेंचर सेंटर नेमक्या याच अडचणीवर काम करते आणि माझ्या मते ते काम चोख करते.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या, आश्रयाने २००७ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. एनसीएल १९५० पासून येथे आहे आणि २००६ मध्ये स्थापन झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तिला लागूनच आहे, त्यामुळे रसायनशास्त्र व जीवशास्त्रातील जाणकार हाकेच्या अंतरावर सापडतात. पांढऱ्या डागांवरच्या औषधाचे संशोधन करणारी अहम्यून आणि रेशमातील प्रथिनापासून वैद्यकीय उत्पादने बनवणारी सेरिजेन या कंपन्या याच परिसरात वाढल्या. दोघींचेही काम असे, की ते भाड्याच्या गाळ्यात एकट्याने सुरू करण्याचा विचारसुद्धा कोणी करणार नाही.

येथील सेवांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती नमुना-विश्लेषणाची, कारण तिच्यासाठी तेथे जागा भाड्याने घ्यावीच लागते असे नाही. नमुना देताना तो कशात विरघळतो, विषारी आहे का, किती तापमानाला ठेवायचा, अशा प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावी लागतात. घाईत असलेल्या माणसाला ही कारकुनी वाटते, परंतु आपल्याच पदार्थाविषयी आपल्याला किती कमी माहिती आहे हे त्या कोऱ्या राहिलेल्या रकान्यांतून चांगलेच कळते. जैव-औषधांच्या विश्लेषणासाठी येथे स्वतंत्र केंद्र असून, एखाद्या लहान कंपनीने विकत घेणे परवडणार नाही अशा यंत्रांवरचे काम तेथे शुल्क भरून करून घेता येते.

सहकार्याबद्दल मात्र भाबड्या कल्पना घेऊन येथे जाऊ नये. मूळ शोध कोणी चहाच्या टेबलावर मांडत नाही आणि मांडूही नये, कारण पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी जाहीर वाच्यता झाली तर नावीन्याचा दावाच धोक्यात येतो. खुलेपणाने वाटले जाते ते वेगळेच ज्ञान असते: कोरड्या बर्फात आलेले पार्सल विमानतळावर अडकले तर बर्फ वायू होऊन उडून जाण्याआधी ते सोडवणारा कस्टम एजंट कोण, कोणता पुरवठादार अर्धी खेप पाठवून पूर्ण बिल लावतो, प्राण्यांवरील चाचणीचा अर्ज कोणत्या मुद्द्यावर परत येतो. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि शेजारच्या खोलीत दोन वर्षे आधी त्याच खड्ड्यात पडलेला माणूस बसलेला असेल तर ते फुकट मिळते. बौद्धिक संपदेबाबत सल्ल्याची सोय त्याच आवारात असल्यामुळे काय बोलावे आणि काय झाकून ठेवावे, हेही वेळीच समजते.

निधीच्या बाजूने पाहिले तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान-उद्योगांना साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि व्हेंचर सेंटर त्या योजनेचे भागीदार आहे. अर्जदाराकडे स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर मान्यताप्राप्त इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवउद्योगांना जागा व सोयी पुरवणाऱ्या अशा केंद्रात, जागा असणे महत्त्वाचे ठरते, म्हणून जागा आणि पैसा हे प्रश्न येथे एकत्रच हाताळावे लागतात. अर्थात अनुदान टप्प्याटप्प्याने आणि हिशेब दाखवल्यावर मिळते. त्यावर पगार आणि घरभाडे भागेल असे समजून नोकरी सोडणाऱ्याने आधी कागदावर आकडेमोड करावी.

माझा आक्षेप केंद्रावर नसून परिसराच्या रचनेवर आहे. पाषाण परिसरात एनसीएल, आयसर, हवामानशास्त्राची आयआयटीएम, संगणक-संशोधनाची सी-डॅक आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा एकमेकांपासून फार लांब नाहीत, तरीही प्रत्येकीचे कुंपण वेगळे, फाटक वेगळे आणि पासही वेगळा. संरक्षण प्रयोगशाळांचे कारण समजण्यासारखे आहे. इतर संस्थांतील लोक सहज भेटतील असा एखादा सार्वजनिक चौक किंवा सभागृह असायला काय हरकत आहे? व्हेंचर सेंटर ही उणीव काही अंशी भरून काढते, पण एका इमारतीने अख्ख्या वसाहतीचे काम करावे ही अपेक्षा अवाजवी आहे.

ॲप किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्यांना येथे फारसे हाती लागणार नाही. रसायन, जीवशास्त्र किंवा वैद्यकीय उपकरण यांत काम असेल तर ‘बिग’चे अर्ज साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये मागवले जातात हे ध्यानात ठेवून किमान दोन महिने आधी, आणि आपला प्रश्न एका पानात लिहून, भेटीची वेळ मागावी.