‘दोन्हीला चालते’ म्हणून विकली जाणारी क्लच प्लेट

जुन्या महिंद्रा जीपला टोयोटा क्वालिसचं इंजिन बसवलेलं आहे आणि गिअरबॉक्स मात्र जीपचाच ठेवलाय, अशी गाडी घेऊन क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) आणायला गेलं की दुकानदार विचारतो, “प्लेट इंजिनची देऊ की गिअरबॉक्सची?” मालक गोंधळतो. मग आतून एक बिननावाचा खोका येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: “ही घ्या, कन्व्हर्जनची स्पेशल आहे, दोन्हीला चालते.” भाव साध्या प्लेटच्या दुपटीच्या पुढे, आणि बिल कच्चं.

अशीच एका जीपमालकाच्या गळ्यात मारलेली प्लेट खोलल्यावर काय निघालं ते नीट सांगण्यासारखं आहे. बाहेरची चकती क्वालिसची, तीही जुनी, फक्त नवीन लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, मारलेली. मधला हब (शाफ्टवर बसणारा दातेरी भाग) कापून काढलेला आणि त्या जागी जीपच्या प्लेटचा हब वेल्डिंगने चिकटवलेला. वेल्डिंग ग्राइंडरने सपाट केलं होतं आणि वरून काळा रंग फासला होता. हबभोवतीच्या डँपर स्प्रिंगा जागेवर दिसत होत्या, पण वेल्डिंगमुळे हब चकतीशी जाम झाल्याने त्यांना दबायला जागाच उरली नव्हती. त्या निव्वळ शोभेला.

डिझेल इंजिनाचे धक्के याच स्प्रिंगा पचवतात. त्या जाम झाल्या की प्रत्येक धक्का थेट हबवर आणि पुढे गिअरच्या दात्यांवर जातो. शिवाय वेल्डिंगच्या तापाने चकती वाकते. त्यामुळे या गाडीत पहिल्या दिवसापासून क्लच सोडताना थरथर होती आणि रिव्हर्स टाकताना करकर. दुकानदाराचं उत्तर होतं, “नवीन आहे, पाचशे किलोमीटर चालवा, बसेल.” हे अर्धसत्य आहे, म्हणूनच पटतं. नवीन लायनिंग थोडं सरकत असेल, तर घासून पृष्ठभाग जुळल्यावर ते सुधारू शकतं. पण क्लच दाबूनही प्लेट सुटत नसेल आणि गिअर करकरत असेल, तर ते चालवून कधीच बरं होत नाही. तिथे माप चुकलेलं असतं किंवा चकती वाकडी असते. शेवटी वेल्डिंगच्या कडेने चकतीला गोल तडा गेला आणि हब सुटा झाला. गिअर पडतोय, इंजिन फिरतंय, गाडी जागची हलत नाही. स्प्रिंगचा एक तुकडा क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये अडकल्याने तीही गेली आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) चर पडली. दुकानात परत गेल्यावर उत्तर मिळालं, “गाडीच मिक्स आहे, तिची गॅरंटी कोण देणार?”

हब बदलणं हे मुळात लबाडीचं काम नाही. जिगवर (काम नेमकं मध्यावर धरणाऱ्या साच्यावर) धरून, त्या हबच्या स्वतःच्या डँपरसकट रिव्हेट मारून, बॅलन्स करून दिलेली प्लेट व्यवस्थित चालते, आणि चांगला कारागीर ‘हब बदललाय’ असं तोंडावर सांगतो. लबाडी आहे ती वेल्डिंग लपवण्यात.

आता ‘इंजिनची की गिअरबॉक्सची’ याचं उत्तर. प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनाकडून येतो, कारण प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बोल्टने बसते. हबमधले दाते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडून येतात. क्लच दाबल्यावर पुढे सरकणारं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी गिअरबॉक्सची, पण ते जिथे टेकतं त्या पाकळ्या प्रेशर प्लेटच्या. पायलट बुश, म्हणजे शाफ्टच्या टोकाला क्रँकमध्ये आधार देणारी बारीक नळी, बाहेरून क्रँकच्या भोकाच्या मापाचं, आतून शाफ्टच्या टोकाच्या. म्हणजे एकाच गाडीचा पूर्ण सेट इथे कधीच बसत नाही, आणि नेमकं हेच माहीत नसल्यामुळे ‘स्पेशल’ विकलं जातं.

क्वालिसच्या प्लेटला 21 बारीक दाते असतात, शाफ्ट साधारण 29 मिमीचा. जुन्या जीपच्या गिअरबॉक्सला 10 जाड, सरळ कडांचे दाते असतात. फरक डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तिथे कोणी फसत नाही. फसतात ते दाते मोजून समाधान मानणारे. दाते 10 असूनही शाफ्टचा व्यास वेगळा असू शकतो, आणि जीपमध्ये गिअरबॉक्सही अनेक प्रकारचे बसलेले असतात. व्हर्नियर घेऊन शाफ्टचा बाहेरचा व्यास, दात्यांच्या बुडाचा व्यास, दात्यांची लांबी आणि टोकाचा व्यास लिहून ठेवा. दुकानात जमलं तर शाफ्टच घेऊन जा. प्लेट उभ्या शाफ्टवर स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे आणि हाताने डोलवून कडकड वाजता कामा नये. अडकली तर “कानशीने दोन हात मारतो” म्हणणारे भेटतात. त्यांना मारू देऊ नका. दात्यांवरचा कडक थर गेला की शाफ्टवर खाचा पडतात, प्लेट त्या खाचांत अडकते आणि क्लच सुटेनासा होतो.

दुसरी पळवाट म्हणजे गिअरबॉक्सला जुळते म्हणून लहान व्यासाची प्लेट देणं. “दहा-वीस मिमीने काय होतंय?” होतं. धरून ठेवायची ताकद म्हणजे घर्षणाचे दोन पृष्ठभाग गुणिले घर्षणांक गुणिले दाब गुणिले सरासरी त्रिज्या. 225 बाय 150 च्या (बाहेरचा आणि आतला व्यास, मिमीमध्ये) प्लेटची सरासरी त्रिज्या 93.75 मिमी, 200 बाय 130 ची 82.5. दाब 4,500 न्यूटन धरला आणि लायनिंग तापून घर्षणांक 0.2 वर आला, तर मोठी प्लेट 169 न्यूटन-मीटर धरते, लहान 148. क्वालिसचं 2,446 सीसीचं इंजिन दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळण्याची ताकद) देतं. म्हणजे सपाटीला सगळं ठीक, आणि माणसं भरून घाट चढताना जळका वास. थंड असताना घर्षणांक 0.3 धरला तर हीच लहान प्लेट 223 धरते, म्हणून दुकानासमोरच्या चाचणीत ती पास होते.

काउंटरवर प्लेट पाहताना रंगावर जाऊ नका. स्प्रिंगांच्या खिडक्यांच्या आत नख घाला. आतपर्यंत ताजा रंग लागला असेल तर प्लेट नंतर रंगवलेली आहे. हबच्या मुळाशी रंगाखाली उंचवटा किंवा ग्राइंडरच्या रेघा दिसतात का ते पाहा. हब धरून चकती जोराने पिळून बघा, शंका येईल इतकी एकसंध वाटली तर खोदून विचारा. लायनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते मोजा: नव्या प्लेटला मिलिमीटरच्या वर मिळायला हवं, 0.3 मिमी ही तर बदलण्याची मर्यादा. शाफ्टवर फिरवून कडेची डोल बघा; 0.8 मिमीच्या वर असेल तर घेऊ नका.

घरी आल्यावर बोल्ट आवळण्याआधी एक काम करा. क्रँकच्या बोल्टांच्या डोक्यांवर लहान मुलांच्या खेळातली रंगीत माती थापा, प्लेट आणि प्रेशर प्लेट बसवून हलकं आवळा, मग उतरवून माती किती दबली ते पाहा. डँपर आणि बोल्ट यांच्यात निदान 2-3 मिमी राहिले पाहिजेत. मिश्र जोडणीत हब उलटा बसवला जाण्याची चूक इथेच पकडली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या अडॅप्टर प्लेटची जाडीही विसरू नका. ती 20 मिमीची असेल तर शाफ्ट तेवढा मागे जातो, टोक पायलट बुशमध्ये पुरत नाही, आणि आधार नसलेला शाफ्ट चांगल्या प्लेटचाही हब फाडतो. उलट टोक क्रँकमध्ये आपटत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर जातात. बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) क्रँकच्या मध्याशी डायल गेजवर 0.13 मिमीच्या आत जुळलं पाहिजे. हे न तपासता अडॅप्टर लावून देणाऱ्याची चूक पुढे प्लेटवाल्याच्या नावावर जाते, तेही खरं.

पायलट बुश लेथवर साध्या पितळेचं करून देतात. ते तेल धरत नाही, शाफ्टला चिकटतं आणि क्लच दाबला तरी गिअरमध्ये गाडी सरकत राहते. तेल मुरलेलं सिंटर्ड ब्राँझचं बुश मागा.

खरेदीला जाताना गाडीचं नाव सांगूच नका, माप सांगा: बाहेरचा व्यास, आतला व्यास, दाते, शाफ्टचा व्यास. चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये प्लेटा या मापांनीही दिलेल्या असतात, आणि बऱ्याचदा हवं ते जोडमाप तिसऱ्याच एखाद्या गाडीच्या प्लेटमध्ये तयार मिळतं. हीच चार मापं बिलावर लिहून घ्या, सोबत ‘नवीन’ किंवा ‘हब बदललेली’ हा शब्दही. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. मात्र आरसीवर जुन्याच इंजिनाचा नंबर असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीत केलेल्या बदलांचा) मुद्दा समोरचा वकील आधी काढेल, तेव्हा इंजिनबदलाची आरटीओकडची नोंद त्याआधी करून घ्या. खराब प्लेट परत देताना तिचे दोन्ही बाजूंचे आणि हबच्या वेल्डिंगचे फोटो काढून ठेवा, आणि पोच हातात पडल्याशिवाय प्लेट दुकानात सोडू नका.