बालविकास केंद्रातील एडीएचडी तपासणी: बोलणे मोलाचे, चित्र महागाचे

गंगापूर रोडवरील एका बालविकास केंद्रात गेल्या महिन्यात आम्ही आमच्या 11 वर्षांच्या मुलाची एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि स्वस्थ न बसवणे या त्रासासाठी, तपासणी करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही, कारण तक्रार एकाच गोष्टीची आहे.

तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम चोख होते. त्यांनी आमच्याशी आणि मुलाशी मिळून जवळजवळ दोन तास बोलून घेतले, वर्गशिक्षिकेसाठी वेगळी प्रश्नावली दिली आणि लक्षणे घरी व शाळेत दोन्हीकडे दिसतात का, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, सहा महिने टिकून आहेत का, हे एकेक करून पडताळले. निदान याच वाटेने होते.

खटकला तो ‘मेंदूचा नकाशा’ नावाच्या पॅकेजचा आग्रह. त्यात डीटीआय पद्धतीचा एमआरआय काढतात. पाण्याचे रेणू तंतूंच्या कडेने किती सहज सरकतात यावरून श्वेतद्रव्याची, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या आणि मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असलेल्या तंतूंची, बांधणी अजमावतात. ‘‘ताई, इथे हिरवा रंग कमी आहे, वाढ मागे पडली आहे,’’ असे पॅकेज समजावणाऱ्या तरुणाने कपाळामागच्या भागावर बोट ठेवून सांगितले, आणि आमच्या पोटात गोळा आला. मानसशास्त्रज्ञ बाईंना विचारल्यावर उलगडा झाला: या चित्रात हिरवा रंग पुढून मागे, तांबडा डावीकडून उजवीकडे आणि निळा वरून खाली जाणाऱ्या तंतूंचा असतो. रंगावरून दिशा कळते, वाढ नव्हे. शिवाय कपाळामागच्या तंतूंवर मायलिन चढण्याचे काम विशी उलटेपर्यंत चालू असते. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटांत श्वेतद्रव्याचे सरासरी फरक संशोधनात आढळले आहेत, पण ते लहान आहेत; एकट्या मुलाच्या चित्रावरून निदान करता येत नाही.

त्यातही डोके जरा हलले तरी मोजमाप बिघडते. ज्या मुलाला स्वस्थ बसवत नाही म्हणून आणले, त्यालाच यंत्रात निश्चल पडायला सांगायचे! तंत्रज्ञांनी मात्र न चिडता डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या गाद्या बसवून तिसऱ्यांदा चित्रे घेतली. बाहेर येताच चिरंजीवांनी विचारले, ‘‘आई, आता तरी नाही ना हललो?’’

एमआरआयच्या चित्रांच्या मूळ सीडीसाठी दोन खेपा घालाव्या लागल्या. केवळ मुलाखत व प्रश्नावली एवढेच घेता येते, पण ते आपणहून विचारावे लागते. वेळ सकाळची पहिलीच मागावी. शाळा करून आलेल्या मुलात संध्याकाळी दोन तास बसण्याचा दम उरत नाही.