अकाली मृत्यूवरचा वारसाकर : हर्णैची नौका आणि देवगडची बाग

वारसाकर पुन्हा आणावा की नाही, हे ठरवू पाहणाऱ्याने दोन काल्पनिक घरे शेजारी ठेवून पाहावीत. हर्णैचा ४२ वर्षांचा नौकामालक, जो स्वतःच तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) होता, अचानक वारला. देवगडचा ८५ वर्षांचा बागायतदार वार्धक्याने गेला. दोघांची मालमत्ता सारख्याच किमतीची आहे, असे धरू.

१९५३ ते १९८५ या काळात भारतात असलेली इस्टेट ड्यूटी, म्हणजे तेव्हाचा वारसाकर, मृताच्या मालमत्तेच्या मूल्यावर बसे. मृताचे वय त्यात पाहिले जात नसे. वरवर हे समान वाटते, परंतु बागायतदाराला हयातीतच बक्षीसपत्र करून देण्यास अवधी मिळतो. महाराष्ट्रात मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. हंगामाच्या आरंभी तेवढ्यात डझनभर हापूसही येत नाही. ब्रिटनमध्ये तर दान दिल्यावर दाता ७ वर्षे जगला की ते वारसाकरातून साधारणपणे सुटते. अशा सवलतीचा लाभ दीर्घायुष्यालाच मिळतो. शिवाय मालकामागे आंब्याची कलमे फळे धरतच राहतात, तर तांडेलावाचून किनाऱ्याला लागलेली नौका कर्जाचे हप्ते आणि डागडुजी मागत राहते.

म्हातारपणासाठी साठवलेले धन अकाली मृत्यूने मागे उरले, तर त्यावर जबर कर लावल्यानेही कोणाची बचत घटत नाही, असा अर्थशास्त्रातील एक युक्तिवाद आहे. तो मला पटत नाही, कारण ज्याचे म्हातारपणच हिरावले गेले त्याचे मुलांसाठी काही उरावे हे समाधानही हा कर काढून घेतो. मात्र निव्वळ वयावर सूट दिली, तर तरुण वारलेल्या कोट्यधीशाचे वारसही सुटतील.

म्हणून मृताऐवजी घेणाऱ्याकडे पाहणारी आयर्लंडची पद्धत मला अधिक रास्त वाटते. तेथे आईवडिलांकडून मुलाला मिळालेल्या ४,००,००० युरोंपर्यंत कर नाही आणि त्यावरील रकमेवर ३३ टक्के आहे. त्याला अज्ञान (अल्पवयीन) वारसांसाठी वाढीव सूट जोडली, तर तांडेलाची शाळकरी मुले आणि बागायतदाराचा मुंबईत स्थिरावलेला साठीतला मुलगा एकाच मापाने मोजले जाणार नाहीत.

अडचण राज्यघटनेची आहे : मृताच्या मालमत्तेवरील शुल्काचा अधिकार शेतजमिनीपुरता राज्याकडे आणि इतर मालमत्तेपुरता केंद्राकडे आहे. राज्याने सोबत पाऊल उचलले नाही, तर कर नौकेवर बसेल आणि बाग मोकळी राहील.