पाण्याचा चहा झाला तर: बांधायचं, बसवायचं की बदलायचं?

"मालक, पाण्याचा चहा झालाय की ओ."

सोलापुरात अक्कलकोट रोडवर माझ्या मेहुण्याचं फार्महाऊस आहे. तिथला स्विमिंग पूल भरून झाल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या पोराचा हा फोन आला. रात्री बोअरचं पाणी काचेसारखं होतं, सकाळी क्लोरीन टाकलं आणि दुपारपर्यंत सगळं तांबूस. मेहुण्याने आधी क्लोरीन विकणाऱ्याशी भांडण काढलं. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तेव्हा त्याला रंग नसतो. क्लोरीन लागलं की त्याचा गंज होतो आणि तो दिसायला लागतो. म्हणजे क्लोरीनने पाणी बिघडवलं नाही, आत लपलेलं बाहेर काढलं.

आता यावर तीन वाटा आहेत आणि विकणारा प्रत्येक जण आपलीच वाट सांगतो. औषधाने धातू पाण्यातच बांधून ठेवायचा, तुरटीने तळाला बसवून बाहेर काढायचा, किंवा पाणीच बदलायचं. हिशोबाला सोपं जावं म्हणून 8 बाय 4 मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल धरू. त्यात 40 हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे 10 हजारांचे चार टँकर.

पण आधी धातू कोणता ते बघा, कारण लोह आणि तांबं यांचं उत्तर एक नाही. पांढऱ्या बादलीत बोअरचं ताजं पाणी घ्या, थोडं लिक्विड क्लोरीन घाला आणि तासभर ठेवा. तांबूस झालं तर लोह. काळपट-तपकिरी व्हायला लागलं तर मँगनीजचा संशय घ्या. पूल हिरवा झालाय, पण तळाची फरशी स्वच्छ दिसतेय, तर तांबं असू शकतं. हिरवा, गढूळ आणि भिंतीला बुळबुळीत असेल तर ते शेवाळ. इथेच आपल्याकडे घोळ होतो. द्राक्षाच्या नाहीतर डाळिंबाच्या बागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेली मोरचुदाची पिशवी शेडमध्ये पडलेली असते. पाणी हिरवं दिसलं की कोणीतरी शेवाळ समजून त्यातलं मूठभर पुलात टाकतं. मोरचूद म्हणजे तांबंच. शेवाळ मरतं खरं, पण तांबं पाण्यात राहतं आणि पोहायला उतरलेल्या आजोबांचे पांढरे केस हिरवट होऊन वर येतात. रंगावर फार विसंबू नका मात्र. प्रयोगशाळेत लोह, तांबं, मँगनीज आणि कठीणपणा असे चार आकडे काढून घ्या. लोह लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की डाग पडायची भीती धरायची.

बांधून ठेवणारं औषध 'स्टेन अँड स्केल' अशा काहीशा नावाने मिळतं, आत बहुधा एचईडीपी हे धातूला धरून ठेवणारं रसायन असतं. वापरायला सगळ्यात सोपं: मोजून ओतायचं, पंप चालू ठेवायचा, झालं. पण धातू कुठे जात नाही, नुसता बांधलेला असतो. क्लोरीन आणि ऊन हे औषध हळूहळू तोडतात, म्हणून दर आठवड्याला थोडं घालत राहावं लागतं. एक आठवडा विसरलात आणि वर क्लोरीनचा मोठा डोस दिलात, की पुन्हा चहा. औषध तुटल्यावर मागे फॉस्फेट उरतं आणि ते शेवाळाला खाऊ. शिवाय पाणी एकदा तांबूस झाल्यावर ते ओतून फारसा उपयोग नसतो. क्लोरीनच्या आधीच घालायला हवं.

तुरटीची वाट मेहनतीची, पण लोह खरोखर बाहेर काढणारी. आधी क्लोरीन देऊन सगळं लोह तांबूस होऊ द्यायचं. इथे ब्लीचिंग पावडरपेक्षा लिक्विड क्लोरीन बरं. पावडरीतला चुना आपल्या आधीच कठीण पाण्यात आणखी भर घालतो. मग पीएच 7 ते 7.5 मध्ये आणायचा. आपली बोअरची पाणी बहुधा याच्या वर असतात, त्यामुळे थोडं ॲसिड लागतं. (ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीच नाही, एका डब्यातून मापायचंसुद्धा नाही. विषारी वायू होतो.) तुरटी किती, हे आधी बादल्यांत करून बघा: हजार लिटरला 20 ग्रॅम, 35 ग्रॅम, 50 ग्रॅम या हिशोबाने. ज्या बादलीत कमीत कमी तुरटीत पाणी नितळ होतं ते माप घ्यायचं. तुरटी विरघळवून सगळीकडे पसरायची, थोडं फिरवायचं आणि रात्रभर पंप बंद.

सकाळी तळाला मळकट थर बसलेला दिसतो. आता घाई केली की रात्रीची मेहनत वाया. व्हॅक्युम (तळाचा गाळ खेचणारा ब्रश-पाइप) सावकाश ओढायचा आणि फिल्टरचा व्हॉल्व 'वेस्ट'वर ठेवायचा, म्हणजे पाणी थेट बाहेर जातं. 'फिल्टर'वर राहिला तर तो चिकट गाळ फिल्टरच्या वाळूत अडकतो, नाहीतर परत पुलात येतो. मेहुण्याच्या माणसाने पहिल्या खेपेला हेच केलं आणि दुपारपर्यंत बॅकवॉश करत, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धूत बसला. यात काही हजार लिटर पाणी जातं. कार्ट्रिज फिल्टर (वाळूऐवजी कापडी घड्यांची नळी असलेला) असेल आणि 'वेस्ट'ची सोय नसेल, तर वेगळा पंप लावल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. तांब्यासाठी मात्र ही वाट कच्ची आहे. क्लोरीनने ते लोहासारखं गंजून वेगळं होत नाही आणि तुरटी त्याला नीट धरत नाही.

पाणी बदलणं कागदावर सगळ्यात साफ. लोह 0.8 असेल आणि अर्धं पाणी काढून बिनधातूचं भरलं तर 0.4, पुन्हा अर्धं बदललं तर 0.2. म्हणजे मिळून पूर्ण चार टँकर. पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये चार टँकर पुलात ओतताना शेजारच्या वस्तीवर घागरी रांगेत असतात, हे डोळ्याआड करता येत नाही. आणि टँकर भरतो कुठून? बहुतेक दुसऱ्या बोअरवरून नाहीतर विहिरीवरून. म्हणून पाइप पुलात सोडण्याआधी टँकरच्या पाण्याचीही बादली-परीक्षा घ्या, ड्रायव्हर हसला तरी. पूल पूर्ण रिकामा तर करूच नका: उन्हाळ्यात कोरड्या टाइल्स सुटतात, आणि पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगली, खालून पाण्याचा दाब आला, की रिकामा हौद तडकू शकतो. मोरचुदाने वाढलेल्या तांब्यासाठी मात्र मी हाच मार्ग निवडेन, थोडं थोडं पाणी बदलत, आणि ती पिशवी बागेत परत पाठवून.

या तिन्ही वाटांनी न सुटणारी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात पुलाची पातळी रोज सेंटिमीटरभर उतरली, तरी आपल्या पुलातून दिवसाला 320 लिटर जातात, महिन्याला साडेनऊ हजार. वाफ होऊन जातं ते पाणी, धातू मागेच राहतो. ती तूट तुम्ही त्याच बोअरने भरता, म्हणजे महिन्याला टँकरभर लोहाचं पाणी नव्याने आत.

म्हणून माझं मत विचाराल तर पैसा पुलापेक्षा भरणीच्या पाइपावर घाला. लोह काढणारा फिल्टर बसवता आला तर उत्तम. त्याला वेळेवर बॅकवॉश लागतो, एवढंच. तो परवडत नसेल, तर बोअरचं पाणी आधी वेगळ्या टाकीत शॉवरसारखं वरून पाडा. हवा लागली की बरंचसं लोह तिथेच गंजतं आणि एक-दोन दिवसांत खाली बसतं. टाकीच्या तळापासून वीतभर वरची तोटी वापरा. मेहुण्याने तोटीला जुना सोलापुरी टॉवेल दुहेरी बांधलाय, तो आठवड्यात वीटकरी होतो. मँगनीज नुसत्या हवेने बसत नाही, त्याला फिल्टरच हवा.

तेव्हा लोहाला एकदा तुरटी, मग भरणीला टाकी किंवा फिल्टर. औषधाची बाटली फक्त शनिवारी पाहुणे येणार आणि शुक्रवारी पूल भरायचा राहिलाय, अशा अडचणीला.

फरशीवर आधीच पडलेले डाग वेगळं प्रकरण. व्हिटॅमिन सीची गोळी डागावर अर्धा मिनिट घासा. फिका पडला तर तो लोहाचा. मग 40 हजार लिटरला सुमारे अर्धा किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड लागतं, क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणून. या उन्हात क्लोरीनशिवाय पूल दोन दिवसांत शेवाळतो, तेव्हा हे काम थंडीत करा. डाग सुटला म्हणजे ते लोह परत पाण्यात आलं, म्हणून औषधाची बाटली तेव्हा हाताशी ठेवा. आणि डाग एकाच ठिकाणी, बोटभर असेल तर पाण्याला दोष देण्याआधी तिथे केसांची पिन पडून गंजलीय का किंवा आतली सळई उघडी पडलीय का, ते बघून घ्या.