ओहायो स्टेट, हंगाम 2024: सगळे 16 सामने पाहून झाल्यावर

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या या विद्यापीठ संघाचा निकाल आता जुना झाला. 14 विजय, 2 पराभव, राष्ट्रीय विजेतेपद. हायलाइट्स पाहणाऱ्याला पास झेलणारा जेरेमाया स्मिथ दिसतो, आणि त्यात वावगं काही नाही. पहिल्याच वर्षात 76 कॅच, 1,315 यार्ड आणि 15 टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) करणारा पोरगा नजरेत भरणारच. पण 31 ऑगस्टच्या ॲक्रनविरुद्धच्या सामन्यापासून 20 जानेवारीच्या अटलांटातल्या अंतिम सामन्यापर्यंतचा अख्खा हंगाम आधी थेट आणि मग रीप्लेवर पाहिला, की एक गोष्ट पटते. हा हंगाम कळायचा असेल तर चेंडू सोडून डाव्या टॅकलकडे बघायला हवं. उजव्या हाताने पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून जो धावून येतो, त्याला अडवणारा हा माणूस. ओहायो स्टेटची ही जागा ऑक्टोबरमध्ये रिकामी झाली आणि पुढचं सगळं बरं-वाईट तिथूनच सुरू झालं.

भारतातून पाहणाऱ्यांनी आधी वेळेचा हिशेब करून घ्यावा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागे असतो, त्यानंतर साडेदहा. दुपारी बाराचा किकऑफ म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ किंवा साडेदहा. तिकडचे प्रेक्षक या बाराच्या सामन्यांच्या नावाने बोटं मोडतात. पुण्या-नाशकात बसलेल्याला मात्र याहून सोयीचं काही नाही. नेब्रास्का, पेन स्टेट, इंडियाना, मिशिगन हे चारही बाराचे. हाल होतात ते रात्रीच्या सामन्यांत. ओरेगॉनचा सामना रविवारी पहाटे पाचला, रोझ बोल (उपांत्यपूर्व सामना) पहाटे साडेतीनला, अंतिम सामना मंगळवारी सकाळी सहाच्या पुढे. एक सामना साधारण साडेतीन तास चालतो, त्यामुळे मंगळवारचा चौथा क्वार्टर बहुतेकांनी लोकलमध्येच पाहिला असणार.

आता मुद्द्याचं. 12 ऑक्टोबरला यूजीनमध्ये ओरेगॉनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्स जखमी झाला आणि हंगामाबाहेर गेला. सामना 32-31 असा हातून निसटला. शेवटच्या दहा सेकंदांत ओरेगॉनने मैदानावर 12 खेळाडू उभे केले. दंड फक्त पाच यार्ड, पण त्या प्लेमध्ये (एका चालीत) चार सेकंद गेली, ती गेलीच. उरलेल्या सहा सेकंदांत ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर. ही पळवाट काही दिवसांतच बुजवली गेली: शेवटच्या दोन मिनिटांत बचावाचे 12 जण खेळले, तर आक्रमण करणाऱ्या संघाला गेलेला वेळ परत मागता येतो.

सिमन्सच्या जागी आलेला झेन मिखाल्स्की नेब्रास्काविरुद्ध जखमी झाला. मग टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणारा डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन याला एक घर बाहेर सरकवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण गार्डच्या दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो. टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान, आणि तिथून सुसाट येणाऱ्याला मागे सरकत, हात लांब ठेवून रोखायचं असतं. पाय आडवे पडले की संपलं. त्यात पहिल्याच सामन्यात समोर पेन स्टेटचा अब्दुल कार्टर, पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसरा उचलला गेलेला. जॅक्सनची दमछाक झाली, तरी सामना 20-13 जिंकला. चौथ्या क्वार्टरमध्ये पेन स्टेटला तीन यार्डांवरून चार प्रयत्न मिळाले. तीनदा धाव (पास न फेकता चेंडू घेऊन पळणं) अडवली, चौथ्यांदा पास वाया गेला. उरली होती 5:13. ओहायो स्टेटने चेंडू घेतला आणि सलग 11 वेळा नुसती धाव घेत घड्याळ संपवलं. डागडुजी केलेल्या लाइनने (टॅकल, गार्ड, सेंटर यांच्या फळीने), परक्या मैदानावर, सगळ्यांना ठाऊक असलेली चाल चालवली. हे रीप्लेवर सावकाश पाहण्यासारखं आहे.

इंडियानाच्या सामन्याआधी सरावात सेंटर (फळीच्या मधोमध उभा राहणारा) सेथ मॅक्लॉफ्लिनची टाचेची शीर तुटली. कार्सन हिन्झमन गार्डवरून सेंटरला आणि ल्यूक मॉन्टगोमेरी डाव्या गार्डवर गेला. इंडियानाला 38-15 हरवल्यामुळे दुखणं झाकलं गेलं.

ते उघडं पडलं 30 नोव्हेंबरला. घरच्या मैदानावर, वीसेक गुणांनी जिंकेल असं मानला गेलेला संघ मिशिगनकडून 13-10 हरला. कारण सरळ होतं. मिशिगनची ताकद बचावाच्या मधल्या फळीत, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या दोघांत, आणि ओहायो स्टेट नेमकी तिथेच, नव्याने जुळवलेल्या मधल्या तिघांच्या भरवशावर, धाव घेत राहिली. 26 धावांत 77 यार्ड. बाहेर स्मिथ उभा, त्याच्या वाट्याला दिवसभरात 35 यार्ड. वर दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पळवलेले पास), दोन हुकलेले फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचे). चिप केलीसारखा आक्रमणाचा जाणकार प्रशिक्षक हाताशी असताना हा हट्ट कशासाठी, ते आजही अनाकलनीय आहे.

बाद फेरीच्या जुन्या चार संघांच्या पद्धतीत हा हंगाम इथेच आटोपला असता. 12 संघांमुळे आठवं मानांकन मिळालं आणि मधे तीन आठवडेही. 21 डिसेंबरला टेनेसीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये 21-0. मधे डोकं आपटणं बंद, चेंडू लवकर आणि बाहेर. जॅक्सनलाही तोवर टॅकलची जागा अंगवळणी पडली होती. सामना 42-17. रोझ बोलमध्ये त्याच ओरेगॉनविरुद्ध तिसऱ्याच प्लेला स्मिथचा 45 यार्डांचा टचडाउन, दुसऱ्या क्वार्टरमध्ये 34-0, शेवटी 41-21. बचावाने ओरेगॉनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रियल याला आठ वेळा पाडलं. हंगामभर सामन्यामागे सरासरी 12.9 गुण देणाऱ्या प्रशिक्षक जिम नोल्सच्या या बचावाचं कौतुक थोडं कमीच झालं.

उपांत्य फेरीत टेक्सासविरुद्ध मात्र घाम फुटला. 21-14 असताना टेक्सास टचडाउनपासून एका यार्डावर. दुसऱ्या डाउनला (चारपैकी दुसऱ्या प्रयत्नात) त्यांनी चेंडू बाहेर फिरवला आणि सात यार्ड गमावले. चौथ्या डाउनला आठ यार्डांवरून ओहायो स्टेटचा बचावपटू जॅक सॉयर याने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्स याच्या हातून चेंडू उडवला, उचलला आणि 83 यार्ड पळाला. हे दोघे पूर्वी ओहायो स्टेटमध्ये एकाच खोलीत राहायचे! अंतिम सामन्यात नोत्र दामने पहिल्याच ड्राइव्हला 18 प्ले आणि जवळपास दहा मिनिटं घेतली, पण हॉवर्डने सुरुवातीचे 13 पास सलग पूर्ण केले. 31-7 चं 31-23 झाल्यावर तिसरा डाउन, 11 यार्डांची गरज. सगळ्यांची धाव घेण्याची अपेक्षा, आणि चेंडू गेला एकट्या पडलेल्या बचावपटूवरून स्मिथकडे, 56 यार्ड. निकाल 34-23.

त्या हंगामातल्या नव्या गोष्टींपैकी प्रशिक्षकाचा आवाज ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ उत्तम. प्रत्येक संघाच्या मैदानावरच्या एकाच खेळाडूला तो मिळतो, हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो, आणि प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायची मुदत मोजणारं घड्याळ) 15 सेकंद उरली किंवा चेंडू स्नॅप झाला (सेंटरने मागे दिला) की आवाज बंद. त्यामुळे पंधराच्या आत क्वार्टरबॅक अजून बाकाकडे बघत असेल, तर समजावं की काहीतरी गडबड आहे.

न पटलेलं दोन गोष्टींत. पहिली म्हणजे पैसा. हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला, जडकिन्स ओले मिसमधून, डाउन्स आणि मॅक्लॉफ्लिन अलाबामातून; संघावरचा खर्च सुमारे 2 कोटी डॉलर, असं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं. अर्थात सॉयर, एग्बुका, हेंडरसन, जॅक्सन हे एनएफएल पुढे ढकलून राहिलेले घरचेच, त्यामुळे 'विकत घेतलेला संघ' हा टोमणा अर्धाच खरा. दुसरी म्हणजे मानांकन. पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांसाठी राखीव होती, त्यामुळे अपराजित ओरेगॉनला बक्षीस म्हणून उपांत्यपूर्व फेरीतच ओहायो स्टेट मिळाली, आणि बॉयसी स्टेट तिसरी, ॲरिझोना स्टेट चौथी. पहिल्या चार मानांकनांचे चारही संघ पहिल्याच सामन्यात गारद. 2025 पासून हे राखीव प्रकरण काढून मानांकन थेट क्रमवारीनुसार केलं.

रीप्लेसाठी वेळ कमी असेल तर पेन स्टेटचा चौथा क्वार्टर, मिशिगनचा पूर्ण सामना आणि रोझ बोलचा पूर्वार्ध, याच क्रमाने बघा, आणि तिन्ही वेळा जॅक्सनचे पाय बघा. सिमन्स आणि जॅक्सन दोघेही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. ॲक्रन, वेस्टर्न मिशिगन आणि मार्शल हे तीन सामने सोडून दिले तरी चालतील.