अंतर सांगणाऱ्या वेबसाइट: शारजाह जमलं, बँकॉक फसलं

दोन शहरांची नावं टाकली की विमानाचं अंतर आणि वेळ सांगणाऱ्या फुकट वेबसाइट ढिगानं आहेत. नागपूरहून त्यांची परीक्षा घ्यायला शारजाह आणि बँकॉक ही जोडी नामी. एक पश्चिमेला, एक पूर्वेला, आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून दोन्ही सारखीच लांब, साधारण 2,450 किलोमीटर. घड्याळाचा फरकही दोन्हीकडे दीड तासाचाच, फक्त उलट दिशेनं. (देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलच्या नागपूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

अंतरात खोट नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची रेघ मोजतात, आकडा बरोबर येतो. एकक मात्र बघून घ्या. कुठे आधी मैल दिसतात, 1,520. सागरी मैल असतील तर 1,320. तेच किलोमीटर समजलात की पुढचा हिशेब गेलाच.

वेळेत गडबड आहे. सूत्र ठोकळेबाज: अंतर भागिले ताशी 800 ते 850, वर चढण-उतरणीचा अर्धा तास. म्हणून दोन्हीकडे साडेतीन तासांच्या आसपास. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, त्यामुळे शारजाहला जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. वेबसाइटचं उत्तर मात्र जाता-येता एकच. शिवाय तिकिटावरचा काळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, आणि दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या. पहाटे 4 ला निघून साडेतीन तास उडालात तर शारजाहत 6 वाजलेले असतील, बँकॉकमध्ये 9.

खरी फसगत बँकॉकची. शारजाहला नागपूरहून थेट विमान जातं, बँकॉकला नाही. वेबसाइट तरीही साडेतीन तास छातीठोकपणे सांगते. 'थेट सेवा नाही' एवढी एक ओळ टाकायला काय जातं? कोलकात्यावरून गेलात तर एकूण अंतर सुमारे 2,620 किलोमीटर, म्हणजे वाट फारशी वाकडी नाही. मुंबईवरून तेच 3,700 होतं, कारण आधी जवळपास 690 किलोमीटर उलट दिशेला जायचं. भाडं सारखं असेल तर कोलकाता घ्या.

पाचपैकी अडीच. अंतरासाठी वापरा, सुट्टीचा अर्ज त्यावर टाकू नका.

मधल्या थांब्याचा हिशेब तर कुठलीच वेबसाइट धरत नाही. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान मध्येच उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि परदेशी विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. कोलकात्यात देशी-परदेशी एकाच इमारतीत आहे. मुंबईत देशी विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर परदेशी विमानासाठी रस्त्यानं टर्मिनल 2 गाठावं लागतं. तिथे चार तासांपेक्षा कमी थांबा ठेवू नका.