अक्रात खरेदी: मकोला, आर्ट्स सेंटर की ओसू?

घानाच्या राजधानीत, अक्रात, हातात एकच दिवस असेल तर आधी यादी करा, बाजार मग ठरवा. कापड, शिया बटर, गारी (कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा), मसाले, भांडी घ्यायची असतील तर मकोला हा मोठा बाजार. लाकडी मुखवटे, ढोल, मणी हवे असतील तर आर्ट्स सेंटर हा हस्तकलेचा बाजार. आर्ट्स सेंटरलाही कापड मिळतं, पण तिथे भाव गिऱ्हाईकाचं तोंड बघून सांगतात.

मकोलात धंदा बहुतेक बायकांच्या हातात, आणि गिऱ्हाईक गावातलंच, त्यामुळे भाव फारसा फुगवलेला नसतो. वॅक्स प्रिंटचा, म्हणजे रंगीत नक्षीच्या छापील सुती कापडाचा, पूर्ण नग 12 वारांचा, अर्धा 6 वारांचा, म्हणजे लांबीला सहावारी साडीएवढा. किनारीवर जीटीपी, एटीएल किंवा व्लिस्को असं कंपनीचं नाव छापलेलं असतं. पण नक्कल करणारे तेही छापतात, म्हणून कापड उलटून बघा. खरी वॅक्स प्रिंट दोन्ही बाजूंनी सारखीच गडद असते. मागची बाजू फिकट असेल तर ते एका बाजूने छापलेलं साधं कापड. कपडे शिवायला ते वाईट नाही, फक्त पैसे त्याच हिशेबाने द्या.

धान्य, गारी ओलोंका नावाच्या डब्याने मापतात. डब्याचा तळ आत चेपलेला नाही ना, एवढं बघा. या मालात घासाघीस फारशी चालत नाही. त्यापेक्षा वर मूठभर जास्त मागा, बहुतेक वेळा मिळतं. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. पैसे उजव्या हातानेच द्यायचे, हे आपल्याला सांगायला नको. रविवारी बाजार बराचसा बंद असतो.

आर्ट्स सेंटरला पहिला भाव ऐकून दचकू नका. त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करा आणि निम्म्याच्या आसपास थांबा. फसगत होते ती लाकडात. ‘एबनी’ (आबनूस) म्हणून काळं बूटपॉलिश लावलेलं हलकं लाकूड विकतात. तळाशी नखाने खरवडलं की पांढुरकं दिसतं. एबनी मुळातच जड, पण दुसरं लाकूड हाताला गार आणि आकाराच्या मानाने जड लागलं तर ते ओलं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तडकणारच. बारीक भोकं आणि खाली पडलेला भुसा दिसला तर कीड आहे, घेऊ नका. केंटे, म्हणजे घानाचं रंगीबेरंगी पारंपरिक कापड, हातमागाचं असेल तर साधारण चार इंची पट्ट्या शिवून जोडलेल्या दिसतात. अख्खं सलग कापड असेल तर ते छापील.

घासाघीस नकोच असेल तर अक्रातला ओसू भाग. ठरलेल्या भावाची दुकानं, वुडिन कंपनीचं कापड, क्रोबो लोकांचे काचमणी. भाव जास्त, पण वेळ वाचतो.

उत्तर घानातल्या बोल्गाटांगा गावच्या विणलेल्या टोपल्या कुठूनही घ्या. बॅगेत चेपल्या तर पाण्यात भिजवून, हाताने आकार देऊन सावलीत वाळवा. जुनी म्हणून विकलेली मूर्ती मात्र खरोखर जुनी असेल तर ती देशाबाहेर न्यायला घानाच्या म्युझियम्स अँड मॉन्युमेंट्स बोर्डाचा परवाना लागतो. तो आधीच काढायचा.